टाचेखालचं पाणी

कलकत्ता एफसी तीन, मोहन बागान शून्य. १९२३ च्या आयएफए शील्डचा, म्हणजे कलकत्त्यातल्या मानाच्या फुटबॉल स्पर्धेचा, अंतिम सामना एवढ्या एका ओळीत संपतो. ही ओळ गेले कित्येक दिवस मला सोडत नाही. हरण्याचं दुःख नाही, हरणं खेळात असतंच. सलतो तो या ओळीमागून हटकून येणारा अर्धा वाक्यांश: ‘पावसाने भिजलेल्या मैदानावर’. जिथे या सामन्याचा उल्लेख येतो तिथे हे शब्द येतात आणि ज्या सुरात येतात तो सूर सबब सांगणाऱ्याचा असतो. पाऊस दोघांवरही पडला होता ना, असं वाचणाऱ्याच्या मनात येतंच. पडला होता. पण एका बाजूच्या, गोऱ्यांच्या कलकत्ता एफसीच्या, अकरा माणसांच्या पायात चामड्याचे, तळाला खिळ्यांनी ठोकलेल्या गुट्ट्यांचे बूट होते आणि दुसऱ्या बाजूचे, मोहन बागानचे, बंगाली खेळाडू अनवाणी होते. तोच पाऊस या दोन पायांशी दोन वेगळ्या रीतींनी वागतो. कसा, हे कुणी नीट उलगडून सांगत नाही आणि मग ज्यांनी त्या पायांवर उभं आयुष्य खेळात काढलं त्यांचा हिशेब चुकत जातो.

त्या दिवशी मोहन बागानचे कप्तान होते गोष्ठ पाल. बंगालीत नावाचा उच्चार ‘गोष्ठो’ असा होतो. गोष्ठ म्हणजे गाईंची जागा. आपला ‘गोठा’ त्याच शब्दातून आला. जन्म २० ऑगस्ट १८९६ चा, फरीदपूर जिल्ह्यातल्या भोजेश्वर गावचा, जे आता बांगलादेशात आहे. लहानपणीच कलकत्त्यात आले, कुमारटुलीच्या गल्ल्यांत चेंडू खेळू लागले आणि १९१२ च्या सुमारास, म्हणजे मिशीही धड फुटली नव्हती तेव्हा, मोहन बागानमध्ये दाखल झाले. तिथून १९३५ पर्यंत त्याच क्लबात. कप्तानी १९२१ ते १९२६. जागा उजव्या बॅकची, म्हणजे आपल्या गोलपुढे बचाव करणाऱ्याची. कलकत्त्याच्या इंग्रजी पत्रकारांनी त्यांना ‘चीनची भिंत’ म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. आता क्लबच्या जेतेपदांची यादी शेजारी ठेवून पाहा. मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून शील्ड जिंकली ती २९ जुलै १९११ ला. कलकत्ता लीग, म्हणजे मोसमभर गुणांवर चालणारी स्पर्धा, पहिल्यांदा जिंकली १९३९ मध्ये. शील्ड पुन्हा हाती आली ती १९४७ मध्ये. गोष्ठ पाल आले ते पहिल्या विजयानंतर लगेच आणि थांबले ते पुढच्या विजयाच्या चार वर्षं आधी.

तेवीस वर्षं, आणि त्यात ना शील्ड, ना लीग.

कूचबिहार कपसारख्या स्पर्धा त्या काळात क्लबने जिंकल्या, पण ज्या दोन गोष्टींवरून मैदानात माणूस मोजला जाई त्या दोन्ही या माणसाच्या वाट्याला आल्या नाहीत. तरीही १९६२ मध्ये पद्मश्री मिळालेले ते पहिले फुटबॉलपटू, मैदानाच्या कडेला त्यांचा पुतळा, १९९८ मध्ये टपाल तिकीट. एकही मोठा करंडक न जिंकणाऱ्याला लोक इतकं का जपतात, याचं उत्तर ‘देशभक्ती’ या एका शब्दात देऊन मोकळं होता येतं. गोऱ्या पलटणींच्या पुढे उभा राहिलेला धोतर-संस्कृतीतला बाबू, ही प्रतिमा खरी आहेच. पण ती प्रतिमा त्यांच्या कसबाला झाकून टाकते. भिंत नुसती उभी असते. हा माणूस उभा नव्हता, तो सतत हिशेब करत होता: चेंडूचा, गवताचा, समोरच्याच्या बुटांचा आणि आभाळाचा.

आधी कोरड्या मैदानाचं पाहू. कोरड्या, आखूड गवतावर अनवाणी पाय ही फुटबॉलसाठी फार चांगली वस्तू आहे. तळव्याची कातडी लहानपणापासून जाड झालेली असते, पाचही बोटं वेगवेगळी जमीन धरतात आणि वळताना शरीराचं वजन एका टाचेवरून दुसऱ्या चवड्यावर जायला क्षणभरही लागत नाही. बुटातल्या माणसाला वळायचं तर आधी गुट्ट्या जमिनीतून सोडवाव्या लागतात. चेंडू थांबवताना फरक आणखी मोठा. चामड्याचा टणक बूट चेंडूला उडवून लावतो, तर उघडा पाय किंचित मागे घेतला की चेंडू तिथेच मऊपणे बसतो. म्हणून अनवाणी संघांचा खेळ आखूड पासांचा असायचा, चेंडू जमिनीलगत, पाच-सात यार्डांवर पुढच्याच्या पायात. तो नाजूकपणाचा शौक नव्हता, पायाला जे उत्तम जमतं ते ते करत होते. फक्त एक गोष्ट उघड्या पायाला करता येत नाही: चवड्याने, बोटांच्या टोकाने चेंडू हाणणं. बुटाला पुढे कडक टोपी असते, ती त्यासाठीच. अनवाणी माणसाने तसं केलं तर अंगठ्याचं नख गेलंच म्हणायचं. त्याला लाथ मारायची ती पायाच्या वरच्या फुगीर हाडाने, बोटं खाली दुमडून, घोटा ताठ धरून. चेंडूच्या मध्याच्या किंचित खाली तो भाग बसला तर चेंडू चाळीस यार्ड जातो. बोटं वेळेवर दुमडली नाहीत, किंवा पाय खाली उतरताना जमिनीला घासला, तर ठेच. आपल्याकडे ठेच हा रस्त्यावरचा शब्द आहे, पण तिथे ती एका मोसमातले दोन-तीन सामने खाऊन टाके.

चेंडूचंही ऐका, कारण अर्धी गोष्ट त्याची आहे. आत रबराचा फुगा, बाहेर चामड्याच्या पट्ट्या शिवून केलेलं कवच, आणि कवचाला एक चीर. त्या चिरेतून फुगा आत सारायचा, पंपाने हवा भरायची, फुग्याची नळी दुमडून सुतळीने घट्ट बांधायची, ती गाठ बोटाने आत दाबायची आणि मग वाकड्या आरीने चामडी वादी ओवून चीर बंद करायची. ही वादी सपाट बसली पाहिजे, नाहीतर डोक्याने चेंडू मारणाऱ्याच्या कपाळावर तिचा ठसा उमटतो आणि अनवाणी पायावर ती ब्लेडसारखी लागते. परीघ २७ ते २८ इंच. वजन नियमाप्रमाणे १३ ते १५ औंस, म्हणजे साधारण ३७० ते ४२५ ग्रॅम. १९३७ मध्ये ते १४ ते १६ औंसांपर्यंत वाढवलं. पण हे वजन सामन्याच्या सुरुवातीचं. चामडं पाणी पितं, शिवण त्याहून जास्त पिते, आणि वरून चिखल चिकटतो. चरबी चोळून चामड्याचं पाणी पिणं थोडं लांबवता येतं, थांबवता येत नाही. सुरुवातीला टप्पा घेणारा चेंडू अर्ध्या तासात पडेल तिथे रुतू लागतो. आता तोच चेंडू उघड्या पायाच्या हाडाने चाळीस यार्ड मारून दाखवा.

पाऊस आला की नेमकं बिघडतं काय, ते क्रमाने सांगतो, कारण ‘घसरत होते’ एवढं म्हटलं की लोकांना कळल्यासारखं वाटतं आणि कळलेलं नसतं. लाथ मारणारा पाय महत्त्वाचा नसतो, दुसरा महत्त्वाचा असतो. जो पाय चेंडूशेजारी रोवला जातो, सगळं वजन त्याच्यावर येतं आणि तो हलला नाही तरच मारलेली लाथ खरी लागते. ओल्या गवतावर कातडी आणि पातं यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो. तळवा सपाट असल्यामुळे त्या थराला फोडून खाली जाईल अशी कडाच त्याला नसते. बुटाच्या तळाशी चामड्याचे थर एकावर एक ठोकून केलेल्या गोल गुट्ट्या असतात, पुढे चार, टाचेला दोन, सुमारे अर्धा इंच उंच. त्या पाणी आणि चिखल भेदून खालच्या घट्ट मातीत शिरतात. म्हणजे रोवलेला पाय अनवाण्याचा सरकतो, बूटवाल्याचा सरकत नाही. पाय सरकला की चेंडू वर उडण्याऐवजी खुरटा जातो. खुरटा गेलेला चेंडू जड झालेला असतो, तो मध्येच थांबतो, आखूड पासांची साखळी तुटते. साखळी तुटली की धाव घ्यावी लागते, आणि धावून थांबणं हेच तर ओल्यात सगळ्यात अवघड. त्यात समोरून येणाऱ्याचा बूट. कोरड्यात अनवाणी माणूस पाय वेळेवर काढून घेतो. ओल्यात त्याला तो काढता येत नाही, आणि त्या गुट्ट्या पायाच्या पंजावर पडतात. एकदा पडल्या की पुढच्या वेळी मन आपोआप कचरतं. हे कचरणं भित्रेपणाचं नव्हतं. पंजाची बारीक हाडं मोडली तर मोसम गेला हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या शरीराचं ते शहाणपण होतं.

म्हणून १९२३ चं तीन-शून्य मला सबब वाटत नाही.

यात सगळ्यात दुखणारी गोष्ट म्हणजे पंचांग. कलकत्त्यात फुटबॉलचा मोसम मे महिन्यात सुरू होई. लीगचे सामने मे, जून, जुलैत. शील्डचे सामने जुलै-ऑगस्टात. बंगालमध्ये मान्सून पोचतो जूनच्या मध्याच्या आसपास. म्हणजे दरवर्षी मोसमाचे पहिले पाच-सहा आठवडे मैदान अनवाण्यांचं असे आणि नंतरचं बूटवाल्यांचं. मेमध्ये बंगाली संघ गुणांच्या तक्त्यात वर चढत, वर्तमानपत्रं फुलून जात, आणि जूनच्या मध्यानंतर एकेक गुण गळायला लागे. शील्डचा शेवट तर नेहमीच भर पावसाळ्यात. इंग्रजांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. हिवाळा त्यांना क्रिकेटला हवा होता आणि फुटबॉल त्यांच्या घरी चिखलातच खेळला जातो. पण परिणाम असा झाला की एका संघाला परीक्षेचे सोपे प्रश्न आधी आणि अवघड शेवटी, तर दुसऱ्याला बरोबर उलटे. गोष्ठ पालांच्या तेवीस वर्षांतलं प्रत्येक वर्ष या वेळापत्रकाने दोन तुकड्यांत कापलेलं होतं. आभाळ भरून आलेलं पाहून त्यांच्या पोटात काय होत असेल याचा विचार मी बरेचदा करतो.

अनवाणी म्हणजे अगदी उघडा पाय असंही नेहमी नसे. कापडाची पट्टी बांधत. एक प्रसिद्ध छायाचित्र आहे १९३६ चं, ग्लासगोतलं: सेल्टिक क्लबचे जिमी मॅकमेनेमी खाली वाकून मोहम्मद सलीम यांच्या पायाला पट्टी गुंडाळताहेत. सलीम कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचे, सेल्टिकच्या राखीव संघाकडून ते तिथे खेळले, तसेच, बुटांविना. त्या चित्रात सगळ्यांचं लक्ष सलीम यांच्या चेहऱ्याकडे जातं. माझं जातं पट्टीकडे. पट्टी दोन-तीन इंच रुंदीची हवी. सुरुवात पायाच्या आतल्या कमानीपासून, तळव्याखालून बाहेर, पंजावरून तिरकी वर, घोट्यामागून फिरवून पुन्हा खाली, आठाच्या आकड्यासारखी. टाच आणि बोटं मोकळी, कारण पकड त्यांच्यात आहे. प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा बसला पाहिजे. शेवटची गाठ बाहेरच्या बाजूला आणि घोट्याच्या वर, आतल्या बाजूला ठेवली तर चेंडू मारताना टोचते. फार घट्ट बांधली तर दहा मिनिटांत बोटं बधिर, सैल बांधली तर पहिल्याच वळणावर सुटते. ती घोट्याला आधार देते, सालपटं वाचवते. पण ओली झाली की ताणते, खाली उतरते, चिखल धरते आणि पायाला जोखड होते. गुट्ट्यांचं काम पट्टी करत नाही, ते करण्यासाठी ती नव्हतीच.

आता बॅकचं काम. आजच्या वाचकाला ‘बॅक’ म्हटलं की चार जणांची रांग आठवते. त्या वेळी गोलकीपरच्या पुढे फक्त दोन बॅक, त्यांच्यापुढे तीन हाफ, पुढे पाच फॉरवर्ड. दोन माणसांनी पाच जणांना थोपवायचं. ते शक्य होई ऑफसाइडच्या जुन्या नियमामुळे. १९२५ पर्यंत फॉरवर्डच्या पुढे पास खेळताना प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असावे लागत, नाहीतर तो ऑफसाइड, म्हणजे नियमाबाहेर, ठरे. म्हणजे एक बॅक मध्यरेषेपर्यंत वर सरकला की फॉरवर्ड सापळ्यात, आणि सापळा चुकला तरी दुसरा बॅक मागे आहेच. या खेळात बॅकला सगळ्यात जास्त लागतो तो अंदाज: समोरच्याने चेंडू पायातून सोडण्याच्या क्षणी एक पाऊल पुढे. १९२५ च्या उन्हाळ्यात तिघांचे दोन झाले. इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये आदल्या मोसमात १,१९२ गोल झाले होते, पुढच्या मोसमात १,७०३. जगभरच्या बॅकची शिदोरी एका वर्षात निम्मी झाली. इंग्लंडने मधल्या हाफला मागे ओढून तिसरा बॅक केला. कलकत्ता पुढेही दीर्घकाळ दोन बॅकवरच खेळत राहिलं. गोष्ठ पाल तेव्हा २९ वर्षांचे, आपल्या कसबाच्या ऐन भरात, आणि त्यांच्या पायाखालचा नियमच बदलला. त्यानंतरही ते दहा वर्षं त्याच जागेवर टिकले. भिंत म्हणणाऱ्यांनी हे दहा वर्षांचं पुन्हा शिकणं मोजलेलं नाही. सापळा लावण्याऐवजी आता मागे वळून धावायचं, अंतर राखायचं, फॉरवर्डला कडेला रेटत न्यायचं आणि तो चेंडू थोडा जास्त पुढे ढकलेल त्या क्षणाची वाट पाहायची. खांद्याने खांद्याला दिलेला धक्का त्या काळी कायदेशीर होता, गोलकीपरलासुद्धा. अनवाणी बॅकला त्यात एक काळजी घ्यावी लागे: धक्का देताना दोन्ही पाय जवळ नकोत आणि समोरच्याच्या बुटाच्या रेषेत तर मुळीच नकोत. आधी खांदा, मग नितंब, पाय सगळ्यात शेवटी. अंगापिंडाने ते भक्कम होते, पण पलटणीतल्या सैनिकापुढे नुसतं अंग पुरत नाही.

आणि हे सगळं फुकट. हौशी खेळाडू या शब्दाचा अर्थ त्या काळी फार काटेकोर होता. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च घेता येई, खेळण्याचे पैसे नाहीत. खेळायला गेल्यामुळे कामावर जो खाडा पडतो त्याची भरपाई द्यावी की नाही यावरून तर ब्रिटिश संघटना १९२८ मध्ये फिफातून बाहेर पडल्या. त्यांच्या मते खाड्याचे पैसे घेतले की माणूस हौशी उरत नाही. विचार सज्जनपणाचा वाटतो, पण तो ज्यांच्या घरी शेतीवाडी आणि व्याज आहे अशांना परवडणारा. कलकत्त्यात समोरासमोर उभे राहायचे ते सगळेच कागदोपत्री हौशी. पण पलटणीतल्या सैनिकाचा पगार खेळताना चालू असे, जेवण पलटणीचं, पाय मुरगळला तर दवाखाना पलटणीचा. युरोपीय क्लबांचे खेळाडू व्यापारी पेढ्यांचे साहेब. बंगाली खेळाडू मात्र कचेरीतून सुटून, कॉलेजातून धावत मैदानावर येणारा. पाय मोडला तर औषध त्याचं, खाडाही त्याचाच. समान नियम असमान माणसांना लावला की तो कसा वागतो, हे पाहायचं असेल तर हौशी फुटबॉलचा हा काळ पाहावा. मला याचा राग येतो. पण त्याच नियमामुळे काही अतिशय सुंदरही घडलं, हे नाकारता येत नाही: जे खेळत होते ते दुसऱ्या कशासाठी खेळत नव्हते.

मैदान म्हणजे फोर्ट विल्यमच्या भोवतीची ती मोठी मोकळी जमीन, लष्कराच्या ताब्यातली. तिथे पक्कं बांधकाम करता येत नसे, म्हणून क्लबांचे तंबू. आजही तिथल्या क्लबच्या जागेला लोक तंबूच म्हणतात. सामने संध्याकाळी, कचेऱ्या सुटल्यावर. तिकीट न मिळालेले किल्ल्याच्या उतारावर उभे राहत, झाडांवर चढत. दोन आरसे बसवलेल्या खोक्यातून गर्दीच्या डोक्यांवरून खेळ पाहण्याची सोयही तिथे विकत मिळे. ओलं गवत, घाम, भिजलेली छत्री, शेंगदाणे. अशा गर्दीपुढे गोष्ठ पाल वीस-बावीस वर्षं उभे राहिले. भारतीय क्लबांना लीगचं दारच १९१४ मध्ये उघडलं, तेही दुसऱ्या डिव्हिजनचं. मोहन बागान १९१५ मध्ये वर चढला. पहिल्या डिव्हिजनमध्ये दोनच भारतीय क्लब, ही अट त्यानंतरही होती, आणि ती उठल्यावर १९२५ मध्ये ईस्ट बेंगाल आत आला. २८ मे १९२५ ला लीगमध्ये दोघं पहिल्यांदा भिडले आणि ईस्ट बेंगाल १-० जिंकला, गोल नेपाल चक्रवर्तींचा. मे महिना होता, तेव्हा पावसाची तक्रार करायलाही वाव नव्हता.

त्या १९२३ सालाकडे परत येतो, कारण शील्ड हरल्यावर ते वर्ष संपलं नव्हतं. मोहन बागान रोव्हर्स कप खेळायला मुंबईला आला. १८९१ पासून चालत आलेली ही स्पर्धा म्हणजे पलटणींचं घर, आणि तिथे एक भारतीय नागरी संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला. डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्यांना ४-१ हरवलं. मुंबईकरांना कूपरेज आणि रोव्हर्सच्या पुष्कळ गोष्टी माहीत असतात. ही फारशी कुणी सांगत नाही. हावडा ते मुंबई म्हणजे दोन रात्रींचा आगगाडीचा प्रवास, अनोळखी माती, वेगळं गवत. बूटवाल्याला गवत बदलल्याने फारसा फरक पडत नाही, अनवाण्याच्या तळव्याला पडतो. तो पहिला अर्धा तास जमीन समजून घेण्यात घालवतो. भारतीय क्लबला रोव्हर्स जिंकायला पुढे १९३७ उजाडलं, आणि तो मान बेंगळूर मुस्लिम्सला मिळाला. १९२५ मध्ये मोहन बागान सिमल्याला ड्युरँड कप खेळला, उपांत्य फेरीपर्यंत पोचला. हिमालयातल्या शरदातल्या थंडीत उघडे पाय: गारठलेल्या बोटांना चेंडू लागला की तो ठणका थेट गुडघ्यापर्यंत चढतो.

मग बूट का घातले नाहीत, हा प्रश्न उरतोच. घातले होतेही कुणी कुणी. १९११ च्या त्या विजयी संघात सुधीर चॅटर्जी हे एकटे बूट घालून खेळले होते. पण बूट ही पायात सरकवून मैदानात उतरायची वस्तू नाही. त्या काळचा बूट घोट्याच्या वर येणारा, जाड चामड्याचा; तो पायाच्या आकाराचा व्हायला कित्येक आठवडे जातात, तोवर टाचेला फोड. भिजला की वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवायचा, उन्हात ठेवला तर तडकतो. वाळल्यावर चरबी चोळायची, नाहीतर लाकूड होतो. गुट्ट्या झिजल्या की चांभाराकडे, आणि गुट्टी झिजून खिळा वर आला तर पंच मैदानाबाहेर काढतो. हा खर्च प्रत्येक खेळाडूला मागायचा कुणी? त्याहून मोठी अडचण पायाची. अकराव्या-बाराव्या वर्षापासून ज्याच्या कातडीने चेंडू ओळखला त्याच्या पायात बूट घातला की त्याला चेंडू लागल्याचं कळतं, कुठे लागला ते कळत नाही. गवय्याला हातमोजे घालून तंबोरा छेडायला लावावं तसं ते. आणि शेवटी १९११. बूटवाल्यांना अनवाण्यांनी हरवल्याची आठवण इतकी गोड होती की ती मोडून बूट घालणं म्हणजे त्या विजयावर पाणी ओतणं वाटलं असणार. माझं मत विचाराल तर त्या आठवणीने मोहन बागानचं जितकं भलं केलं तितकंच नुकसानही केलं.

गाठ सोडवली ती मोहम्मडन स्पोर्टिंगने. क्लबचे सी. ए. अझीज यांनी साधी गोष्ट ओळखली: मैदान दोन प्रकारचं असतं, तर पायही दोन प्रकारचे हवेत. कोरड्यात अनवाणी, ओल्यात बूट. त्यासाठी खेळाडूंना दोन्हींचा सराव दिला, देशभरातून माणसं गोळा केली. १९३४ मध्ये, पहिल्या डिव्हिजनमध्ये आल्या आल्याच, त्यांनी लीग जिंकली, आणि मग सलग १९३८ पर्यंत पाच वर्षं. जून आला तरी त्यांचे गुण गळेनात. गोष्ठ पाल हे सगळं आपल्या शेवटच्या दोन मोसमांत समोरून पाहत होते. १९३३ मध्ये ते भारतीय संघ घेऊन सिलोनला जाऊन आले होते. पुढच्या वर्षीच्या दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याचे कप्तानही तेच ठरले होते, पण दुखापतीमुळे जाता आलं नाही, संघ सन्मथ दत्तांनी नेला. आणि इकडे, आपल्या ज्या दुबळेपणाने वीस वर्षं आपल्याला घेरलं त्याचा उपाय एका शेजारच्या क्लबने चामड्याच्या एका जोडाने करून दाखवला. ३८-३९ वर्षांच्या बॅकने त्या वयात बूट घालून नव्याने चालायला शिकायचं नव्हतं. १९३५ मध्ये ते थांबले.

पट्ट्या मात्र थांबल्या नाहीत. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये लंडनजवळच्या इलफर्डला भारताचे बहुतेक खेळाडू तसेच उतरले, फ्रान्सकडून २-१ हरले, दोन पेनल्टी वाया गेल्या, आणि प्रेक्षकांनी उठून टाळ्या वाजवल्या. चार वर्षांनी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये, थंडीत, युगोस्लाव्हियाने १०-१ असं हरवलं. त्यानंतर इथल्या महासंघाने बूट सक्तीचे केले. १९२३ च्या तीन-शून्यानंतर तिशी उलटत आली होती. गोष्ठ पाल तेव्हा छप्पन वर्षांचे होते. ते एप्रिल १९७६ मध्ये गेले.

अनवाणी खेळणाऱ्याला मैदान तपासायला हत्यार लागत नाही. रेषेच्या आत दोन पावलं जायचं, पूर्ण वजन टाचेवर टाकून एकदा दाबायचं आणि पाय उचलून खड्ड्याकडे पाहायचं. खड्डा कोरडा राहिला तर आपला खेळ. कडेने ओल झिरपली तर पास थोडे लांब, लाथ थोडी लवकर, आणि एका बॅकने मागेच थांबायचं. खड्डा डोळ्यांदेखत भरला तर त्या दिवशी काय काय होणार आहे ते सगळं कळून चुकतं. त्या शील्डच्या संध्याकाळी नाणं उडवायला जाण्याआधी कप्तानाने टाच दाबली असेल, तर पाय उचलण्याआधीच तिच्याभोवती पाणी आलेलं असणार. मग त्यांनी मागे वळून आपल्या दहा जणांकडे पाहिलं असेल, आणि उजव्या बाजूला, आपल्या जागेवर, जाऊन उभे राहिले असतील.